त्रिकोण बाहेरच्या बाजूला

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं की नोकरीतले गमतीदार अनुभव पाठवा, दिवाळीत वाचकाला जड काही नको असतं. माझ्याजवळ गमती आहेत. पण त्या सांगायला बसलो की एक हिरवी प्लॅस्टिकची बादली मधे येते. म्हणून मी तीच सांगणार आहे. छापायचं की नाही ते संपादकांनी ठरवावं.

वाशीमच्या कॉलेजात जिमखान्याला लागून एक खोली होती. तिथं आरोग्य खात्याचं माहितीचं टेबल असे आणि ते मी सांभाळत असे. हुद्दा प्रचार सहायक, नेमणूक तात्पुरती. मुलाखतीला साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "कुटुंब नियोजनाबद्दल चारचौघांत बोलायला लाज वाटेल का?" मी म्हणालो, "आमच्या लोकांनी चारचौघांत देव टाकले. हे त्यापुढं काय आहे?" साहेब हसले आणि मी लागलो.

मी इंझोरीचा. माझा बाप कारंज्याच्या एका छापखान्यात यंत्राला कागद लावायचा. बिघडलेले, शाई सांडलेले कागद तो घरी आणायचा आणि आई ते शेणामातीच्या भिंतीला चिकटवायची, म्हणजे पोपडे पडत नाहीत. मी अक्षरं भिंतीवर शिकलो. चुलीमागं 'कसेल त्याची जमीन' होती, दाराजवळ मूर्तिपूजेचा धिक्कार होता, मी झोपायचो तिथं अर्धवट छापलेली गिरणी कामगारांची मागणी होती. छापलेलं वाक्य माणसाला उभं करतं, असं मी लहानपणापासून मानत आलो. म्हणून तर हे काम घेतलं.

आता ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माहितीच्या टेबलावर नुसती पुस्तिका ठेवली तर माणूस येत नाही. काहीतरी फुकट ठेवावं लागतं. ते काय असावं हे ठरवणं माझ्याकडं होतं. वरून वस्तूंची नावं यायची, त्यातून मी निवडायचो. पहिल्या खेपेला मी कॅलेंडर निवडलं, आणि ते साफ पडलं. हसऱ्या जोडप्याचं मोठं चित्र आणि खाली कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण. एका प्राध्यापकांनी चित्र कापून टाकलं आणि तारखा भिंतीला लावल्या. मग बिल्ले आले. छातीवर लाल त्रिकोण लावून कॉलेजात फिरेल असा पोरगा जन्माला यायचा होता. ते सगळे जिमखान्यामागच्या गटारात सापडले.

हळूहळू मला कळलं की आपण वस्तू देत नाही, घेणाऱ्याच्या अंगावर एक खूण देतो. ती खूण त्याला लपवता आली पाहिजे. मुठीत मावणारा कंगवा उचलला जातो. रुमाल उचलला जातो, जर त्रिकोण कोपऱ्यात असेल आणि घडीत आत जात असेल. मुली तर टेबलाकडं बघतही नसत, व्हरांड्याच्या पलीकडच्या कडेनं जात. त्यांच्यासाठी मी वह्यांना घालायचे खाकी कागद छापून घेतले. बाहेरून कोरे, मजकूर आतल्या बाजूला. साहेब चिडले.

"इंगळे, आत छापलं तर वाचणार कोण?"

"ज्याला वाचायचं आहे तो, साहेब."

ते कागद दुपारपर्यंत संपले. टेबलापाशी एकही मुलगी उभी राहिलेली कुणी पाहिली नाही, तरी संपले. माझ्या नोकरीतली शहाणपणाची गोष्ट म्हणायची तर एवढीच.

चंपामावशी आली ती बाजाराच्या दिवशी. स्टेशनापलीकडं हिजड्यांचं एक घर होतं आणि ती त्या घरची मोठी. दुकानांतून पैसे मागत फिरता फिरता सरळ कॉलेजच्या फाटकातून आत आली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. ती माझ्यासमोरच्या बाकावर मांडी घालून बसली.

"काय वाटून राह्यला रे भाऊ?"

"माहिती."

"कायची?"

"पोरं कमी कशी होतील त्याची."

तिनं टाळी वाजवली. "मंग पयलं इनाम आमाले दे! आमी तं जलमापासून सरकारचंच काम करून राह्यलो!"

अख्खा व्हरांडा हसला. मीही हसलो. तिनं पत्र्याच्या मूठभर आरशा उचलल्या, एकीत तोंड पाहिलं आणि पोरं पांगेपर्यंत बसून राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "लघवीले आग होते. दवाखान्यात जाऊ शकत नाई. बायकाइच्या रांगेत उभी राह्यली तं बायका हाकलते. मानसाइच्या रांगेत उभी राह्यली तं मानसं चिमटे काढते. तुह्या टेबलाले रांग नाई, म्हनून आली."

मी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडं तिला स्वतः घेऊन गेलो. त्यानंतर लोक येऊ लागले, ज्यांना कुठल्याच रांगेत जागा नव्हती असे. कुणी स्पष्ट बोलत नसे. कंगवा उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा, आणि मग विचारायचं. आमच्या तालुक्यात या विषयावर बोलायला सरकारी परवानगी असलेलं ते एकच टेबल होतं. सरकारला ते माहीत नव्हतं, एवढंच.

त्यातच प्रल्हाद होता. मेडशीचा, खात्यापित्या शेतकरी घरातला, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. स्टेशन रोडवर मोतीरामचं सायकलचं दुकान होतं आणि त्याच्या माळ्यावर प्रल्हाद भाड्यानं राहायचा. मोतीराम त्याच्याहून चार-दोन वर्षांनी मोठा, आईबाप नसलेला, हाताला कायम वंगण. मी पंक्चर काढायला जाई तेव्हा प्रल्हाद पायरीवर बसून पेपर मोठ्यानं वाचत असे आणि मोतीराम चाकाच्या तारा आवळत ऐकत असे. "पुन्हा वाच," तो म्हणे, आणि प्रल्हाद तीच बातमी पुन्हा वाची. माझ्या डोक्यात काही आलं नाही. मावशीच्या आलं. एकदा रुमाल न्यायला आली तेव्हा म्हणाली, "ते सायकलवाले दोघं बरे हायेत. त्याइले उगा टेबलावर बलावू नोको. त्याइचं त्याइले राहू दे."

मग आणीबाणी आली आणि माहितीचं काम संपलं. आता नसबंदीचे आकडे हवे होते. मास्तरांना पगारासाठी माणसं आणावी लागत, ग्रामसेवकाला माणसं आणावी लागत, बाजाराच्या दिवशी जीप आली की लोक तुरीच्या वावरात पळत. माझ्या खोलीत कंगव्यांच्या जागी बादल्यांच्या उतरंडी लागल्या, कारण तालुक्याचं सामान ठेवायला दुसरी जागा नव्हती. हिरवी बादली, तिच्या पोटावर तळहाताएवढा लाल त्रिकोण. ऑपरेशन झालं की माणसाच्या हातात ती द्यायची.

ही बादली मी निवडलेली नव्हती. मी साहेबांना सांगितलं, "साहेब, ही माणसाला डागते." साहेब म्हणाले, "तू कंगवे निवड. बादली वरून आली आहे."

डागतच होती. त्रिकोण नुसता रंगवलेला नव्हता, प्लॅस्टिकमधेच उतरवलेला होता. बायकांनी राखेनं घासलं, विटेनं घासलं, जाईना. मग लोक बादली भिंतीकडं तोंड करून ठेवू लागले. काहींनी तिच्यात शेण कालवलं. विहिरीवर ती दिसली की पोरं ओरडत, "आला बादलीवाला!" आणि सोयरिकीला आलेला माणूस पाणी पिता पिता अंगणावरून नजर फिरवू लागला. हिरवं काही दिसतं का ते पाहायला.

दिवाळीच्या थोडं आधी प्रल्हाद खोलीत आला. मी एकटाच होतो.

"भाऊ, एक बादली द्या."

"बादली ऑपरेशनवाल्याला मिळते."

"मालूम हाय."

"तुझं लग्न तरी झालंय का?"

"होऊन राह्यलं. म्हनूनच तं पाह्यजे."

मला काही उमजेना. तो बाकावर बसला आणि तोंडपाठ करून आल्यासारखं बोलला. वडिलांनी शेजारच्या मालेगावकडची मुलगी पक्की केली होती. गोदावरी तिचं नाव. दिवाळी झाली की साखरपुडा. "मी नाई म्हनलो. तं बाबा म्हनते, काहून? पोरीत खोट हाय? घर हलकं हाय? मी काय सांगू? माह्यापाशी सांगाले काही नाई. ही बादली अंगनात गेली तं मले काही सांगाच लागत नाई. पोरीवालेच मागं सरतीन."

"म्हणजे तुला ऑपरेशन करायचं आहे?"

"ऑपरेशन नोको. बादली पाह्यजे."

"पण लग्नच का नको? शिकायचं आहे?"

त्यानं खिडकीतून फाटकाकडं पाहिलं. फाटकाशी मोतीराम सायकलवर बसून एक पाय जमिनीला टेकवून उभा होता. "मोतीराम हाय ना," प्रल्हाद म्हणाला.

मी पत्रकांवर वाढलेला माणूस. आमच्या भिंतीवर जातीवर मजकूर होता, सावकारावर होता, देवावर होता, धरणावर सुद्धा होता. यावर एक ओळ नव्हती. मी मनात शब्द शोधू लागलो आणि जेवढे शब्द सापडले तेवढ्या शिव्या होत्या. पण अन्याय ओळखायला शब्द लागतोच असं नाही. समोर एक माणूस बसला होता, त्याला कुणाचं काही घ्यायचं नव्हतं, फक्त खोट्या लग्नाला उभं राहायचं नव्हतं. आणि या देशात त्याला तसं म्हणायला एकही जागा नव्हती.

वाहतुकीत एक बादली काठाला तडकली होती, तिची कडी निघाली होती. मोडीत काढून ती कोपऱ्यात टाकलेली होती. खात्याच्या लेखी ती बादली नव्हतीच. मी ती त्याला दिली. मोतीरामनं सायकलच्या तारेची कडी घातली.

पुढचं मला मेडशीच्या दुसऱ्या एका मुलानं सांगितलं. लोक एसटीत बादली पोत्यात घालून नेत. प्रल्हादनं ती मांडीवर धरली, त्रिकोण बाहेरच्या बाजूला. मेडशीच्या स्टँडवर उतरला, हॉटेलासमोरून, देवळासमोरून गेला, आणि अंगणात मधोमध बादली ठेवली. आईनं हंबरडा फोडला. बापानं, देवराव त्यांचं नाव, त्याला चपलेनं मारलं आणि मग स्वतःच ओट्यावर डोकं धरून बसले. प्रल्हाद म्हणाला, जीपवाल्यांनी धरलं. त्या साली हे इतकं होऊन राहिलं होतं की कुणी त्याला पुरावा मागितला नाही. खोटं सांगायला त्याहून चांगलं वर्ष सापडलं नसतं. मुलीकडचे मागं सरले.

तो हिवाळा त्या दोघांचा चांगला गेला. मी दुकानावरून जाई तेव्हा पेपर वाचल्याचा आवाज येई. पेपरात तेव्हा वाचण्यासारखं काही नसे, तरी तो वाची.

निवडणूक झाली आणि सरकार गेलं. आम्ही गुलाल उधळला. ज्यांनी माणसं जीपमधे कोंबली ते हरले होते, आणि आमच्या युवक मंडळानं ठरवलं की एकेकाचा हिशेब मागायचा. मंडळाचा पुढारी भगत, माझा शाळेपासूनचा मित्र. माझ्याबरोबर खळीचा डबा घेऊन त्यानं भिंतींवर पत्रकं चिकटवली होती. तो टेबलापाशी आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते.

"इंगळे, मेडशीचा पोरगा सापडला. बिनलग्नाचा! बिनलग्नाच्या पोराची नस कापली यायनं! आता पत्रक लिही. असं लिही का मुंबईपर्यंत आग लागली पाह्यजे."

"मी नाही लिहीत."

"काहून?"

"दुसरं कोणतंही लिहितो. हे नको."

"काहून म्हनतो मी? सरकारचं मीठ लागलं का तुले?"

खरं सांगितलं तर प्रल्हाद गेला, आणि खोटं लिहिलं तर मी गेलो. भगत माझ्याकडं असा पाहत होता जसा आम्ही दोघं मिळून दलालांकडं पाहायचो. तो साहेबांकडं गेला. साहेब म्हणाले, या नावाचं ऑपरेशन आमच्याकडं झालेलं नाही. "पाहा!" भगत ओरडला. "नावच खोडलं!" साहेब त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदा खरं बोलले होते आणि नेमका त्याच दिवशी कुणी विश्वास ठेवला नाही.

पत्रक निघालं. भाषा माझीच होती, भगतला मीच शिकवलेली. लहान वाक्यं, शेवटी प्रश्न. प्रल्हादचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं जाड टाइपात. आणि खाली मागणी, की कापलेली नस जोडता येते, ती सरकारनं फुकट जोडून द्यावी.

मावशीनं ते माझ्याकडून वाचून घेतलं. "आंग धुतलं तं मळ जाते," ती म्हणाली. "छापलेलं नाव कायनं धूशीन?"

देवराव पत्रक घेऊन आले तेव्हा मी त्यांना प्रथम पाहिलं. उंच माणूस, स्वच्छ धोतर, कागदाची घडी टोपीत. मी पाणी विचारलं. "पेऊन आलो," म्हणाले. माझं आडनाव त्यांनी बाहेरच विचारून घेतलं असणार. पण बाकावर बसले, आणि आवाजात ताठा नव्हता.

"साहेब, हे खरं हाय का? नस जोडते?"

"कधी जोडली जाते. कधी नाही."

"माह्यं एकुलतं पोट्टं हाय. सहा महिने झाले, मी गावात मान खाली घालून फिरून राह्यलो. पोट्टं येडं म्हनून धरल्या गेलं, असं लोक म्हनत. आता छापून आलं का त्याच्यावर जुलूम झाला. जुलूम झाला तं मंग त्यायनंच नीट करून द्यावं का नाई?"

"द्यावं."

"जोडाच्या आधी डॉक्टर पाहीन ना? कुठं कापलं ते?"

माझ्या टेबलावर त्या दिवशी पेन्सिली होत्या. देवराव त्यातली एक बोटांनी फिरवत होते.

"हो," मी म्हणालो. "आधी पाहतील."

प्रल्हाद दुसऱ्या दिवशी आला. रडवेला नव्हता. अभ्यास करून आल्यासारखाच होता.

"भाऊ, मले ऑपरेशन पाह्यजे. आता खरं. बाबा मले जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन राह्यले. त्याच्या आधी."

मी म्हणालो, "हे कायमचं असतं, प्रल्हाद."

"मले कायमचंच पाह्यजे."

तुम्ही म्हणाल, मी त्याला हाकलायला हवं होतं. माझं उत्तर असं, की त्याच्या अंगाचा निर्णय त्याच्याशिवाय सगळे घेत होते, बाप, गाव, मंडळ, सरकार. त्यानं एकदा स्वतः घेतला तर तो नाकारणारा मी कोण? मी त्याला आमच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. हेच डॉक्टर वर्षापूर्वी बाजारातून आणलेल्या म्हाताऱ्यांना वय न विचारता टेबलावर घेत. त्यांनी प्रल्हादकडं पाहिलं आणि खुर्ची मागं सरकवली.

"लग्न झालं?"

"नाही."

"मग कायद्यानं होत नाही."

"मागच्या वर्षी होत होतं," मी म्हणालो.

"मागचं वर्ष गेलं, इंगळे. आता सुरी हातात घेतली तर मला चौकशीला उभं करतील. हा लिहून देतो म्हणाला तरी नको. याला घेऊन जा. आणि तूही इथं येत जाऊ नको."

बाहेर पायरीवर प्रल्हाद हसला. खरंच हसला. "मांगं रस्त्यावरून मानसं उचलत होते. आता मी सोताहून आलो तं हात लावाले भेऊन राह्यले. भाऊ, आपलं साल चुकलं."

जिल्ह्याच्या दवाखान्यात खात्यातर्फे मला हजर राहायला सांगितलं होतं. देवराव नवा शर्ट घालून आले होते. भगत आणि मंडळाची पोरं हार घेऊन उभी होती, तपासणी झाली की त्याच दारात सभा घ्यायची होती. मोतीराम फाटकाबाहेर सायकल धरून उभा. एवढ्या लांब तो सायकलनं आला होता. प्रल्हाद आत गेला. फार वेळ लागला नाही. डॉक्टर बाहेर आले ते चष्मा पुसत.

"याला कुणी हात लावलेला नाही. पोरगा चांगला आहे."

देवरावांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. मग तो उंच माणूस तिथंच वाकला, डॉक्टरांच्या पायाला हात लावला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागला. प्रल्हाद दारात येऊन उभा राहिला.

"आरे, मंग ते बादली कुठून आनली तुनं?"

प्रल्हादनं माझ्याकडं पाहिलं नाही. "सापडली," तो म्हणाला.

देवराव आधी हसले. "येडा हाय बाप्पा! लगनाले भेला! पोट्टं लगनाले भेलं!" मग रांगेतले रोगी हसले, कंपाउंडर हसला, मंडळाची पोरं हसली. सासुरवाडीला भ्याला, बायकोला भ्याला, जो तो एकेक जोडू लागला. कुणी रागावलं असतं, कुणी खोदून विचारलं असतं, तर कदाचित काही वाट निघाली असती. हसण्यानं सगळ्या वाटा बंद केल्या. भगतनं हार परत वर्तमानपत्रात गुंडाळला. जाताना मला म्हणाला, "तुले मालूम होतं." मी म्हणालो, "हो." त्यानंतर आम्ही बोललो नाही. देवरावांनी पेढे आणले आणि वॉर्डात वाटले. माझ्या हातावरही ठेवला, वरून, बोट न लावता.

फाटकाबाहेर मोतीराम नव्हता.

गोदावरीचं तोवर कुठं जमलं नव्हतं. मोडलेल्या सोयरिकीची मुलगी म्हणून दोन ठिकाणांहून लोक पाहून परत गेले होते. तिच्या बापानं देवरावांचे हात धरले आणि लग्न उन्हाळ्यातच उरकलं. मला पत्रिका आली. मी मेडशीला गेलो, मागं बसलो. नवरदेवाला सगळ्या गावानं चिडवून घेतलं. "पाहा वं बाई, बादली लपवून ठेव," बायका नवरीला म्हणत होत्या आणि ती मान खाली घालून हसत होती. तिला ती गंमतच वाटत होती.

पावसाळ्यात प्रल्हाद परीक्षेच्या फॉर्मचं निमित्त काढून वाशीमला आला आणि मेडशीला परत गेला नाही. स्टेशन रोडवरचं दुकान बंद होतं. आत खोलून ठेवलेल्या सायकली लोकांनी आपापल्या ओळखून नेल्या. कुणी म्हणे दोघांना खांडव्याच्या गाडीत पाहिलं, कुणी म्हणे पूर्णेच्या. मावशीनं बरीच चौकशी केली. तिच्या लोकांच्या वाटा दूरवर जातात. तिलाही काही कळलं नाही. मी त्यांच्यासाठी मनातून आनंदलो, हे लपवत नाही. जगले असतील तर.

इथंच मी हे संपवलं असतं, तर चांगलं पत्रक झालं असतं. एक शोषित, एक व्यवस्था, एक सुटका. पण पुढच्या हिवाळ्यात गोदावरी टेबलापाशी आली.

भाऊ फाटकाशी बैलगाडीपाशी उभा होता, ती एकटीच आत आली. व्हरांड्याच्या पलीकडच्या कडेनं नाही, मधून आली. बाकावर बसली. कंगवा, आरशी, कशालाही हात लावला नाही.

"तुमी इंगळेभाऊ?"

"हो."

"बादली तुमीच देली होती त्याइले. मोतीरामनं कडी लावली, तुमी बादली देली. मले त्याइनंच सांगतलं. जायच्या आधी."

मी टेबलावरचे कंगवे बाजूला सारले.

"सासू म्हनते, पोरगी पायगुनाची नाई. सासरे काही म्हनत नाई, पन जेवाले बसले तं माह्या हातचं वाढून घेत नाई. माहेरी आली तं बाप म्हनते, नवऱ्याले धरून ठेवता आलं नाई. गावात बाया म्हनते, हिच्यातच काही खोट असन. भाऊ, माह्यात खोट हाय का?"

"नाही," मी म्हणालो. "तुझ्यात काही खोट नाही. त्याला कोणत्याच मुलीशी लग्न करायचं नव्हतं. तुला पाहायच्या आधीपासून. तू कशीही असतीस तरी तो गेलाच असता."

ती बराच वेळ ऐकत राहिली, मी बोलायचं थांबल्यावर सुद्धा. त्या टेबलावर मी इतकी वर्षं बसलो, पण कुणाला हवी असलेली माहिती मी सरळ शब्दांत पहिल्यांदा दिली ती त्या दिवशी. तिचा चेहरा मोकळा झाला. मग तिनं विचारलं, "हे लिहून देता का?"

"काय?"

"हेच, जे बोलले ते. तुमचा सरकारी शिक्का हाय ना? मी सासूले दाखवीन, बापाले दाखवीन. माह्या तोंडचं कोनी ऐकत नाई. छापील असन तं ऐकते."

छापील असेल तर ऐकतात. हा माझाच वेद होता. मी शिक्क्याकडं पाहिलं. मी लिहून दिलं असतं तर तो कागद मेडशीच्या पारावर वाचला गेला असता, आणि देवरावांनी माणसं पाठवून ते दोघं शोधले असते, खांडव्यापर्यंत, पूर्णेपर्यंत. त्यांना सापडल्यावर काय झालं असतं ते मला माहीत होतं. आणि नाही लिहिलं तर या बाईचं काय होणार, तेही समोरच बसलेलं होतं. मी तिला म्हणालो, "ते लिहिता येत नाही, गोदावरी."

"काहून?"

"त्याच्या जिवाला धोका आहे."

"आन माह्या?"

ती उठली. पदर सारखा केला.

"मंग तुमची माहिती तुमच्यापाशीच ठेवा," ती म्हणाली, आणि मधूनच, जशी आली तशी, चालत गेली.

मी त्या महिन्यात नोकरी सोडली. साहेबांनी कारण विचारलं नाही. टेबलावर आता कोण बसतं आणि काय वाटतं, मला माहीत नाही. मी अजून पत्रकं लिहितो, मजुरीवर, पाण्यावर, गावकुसाबाहेरच्या विहिरीवर. वाक्यं लहानच असतात. पण नाव जाड टाइपात टाकायची वेळ आली की हात थांबतो, आणि मंडळातली नवी पोरं म्हणतात की इंगळे मऊ झाला.

प्रल्हाद, मोतीराम, देवराव, गोदावरी, ही त्यांची नावं नाहीत. गावही मी दुसरंच लिहिलं आहे. तिनं लिहून मागितलं होतं, ते मी इथं लिहून दिलं आहे, छापील. पण असं लिहिलं आहे की ते तिला कुणालाच दाखवता येणार नाही.